रंभाबाईचा सावडीचा दिवस

रंभाबाई पहिल्या भेटीतच माझ्यावर चिडली होती, आणि पुढचे सात महिने तिचा राग फारसा उतरला नाही. मी फिजिओथेरपिस्ट. माहेर यवतमाळचं. नवऱ्याच्या नोकरीपायी भरे गावात राहायला आले आणि पौडच्या एका लहानशा दवाखान्यात बसू लागले. डिसेंबरात रंभाबाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तिचा नवरा कोंडाजी आणि शेजारीण सोनी तिला धरून घेऊन आले. वय बावन्न, तोंड जरासं वाकडं झालेलं, पण जिभेची धार शाबूत.

"हात कवा चालू हुईल त्येवढं सांगा."

"सहा-आठ महिने तरी लागतील, मावशी. बघू."

"बघू न्हाई. आखाडात आवणी हाय."

आवणी म्हणजे भाताची लावणी, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी शहाणपणा केला, "यंदा मजूर लावा की." तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाले.

मग सोनीने समजावलं. कासार आंबोलीच्या वर डोंगरात त्यांची वाडी, दहा-बारा घरांची. तिथे सावड चालते. आज सगळ्या बायकांनी एकीच्या भातखाचरात राबायचं, उद्या दुसरीच्या. जी इतरांकडे दिवस भरते तिच्याकडे इतर येतात. नांगर कोंडाजी धरतो, पण लावणी बायकांची, आणि रंभाबाईच्या पोरी सासरी गेलेल्या.

"आमी लावून दिऊ की हिचं," सोनी म्हणाली.

"तसं लावून द्यायचं आसंल तर खाचर पडीक ऱ्हाऊ दे," रंभाबाई म्हणाली. "फुकटचं नगं मला."

मी कामाला लागले. दाबायला चेंडू दिला, चिमटीत उचलायला वाटाणे दिले आणि घरी भिंतीवर लावायला चोवीस आठवड्यांचा तक्ता करून दिला. दर खेपेला मी त्यावर बोट ठेवून काय काय बाकी आहे ते सांगायचे. बोटं जुळत नाहीत, चिमूट धरत नाही, खांदा अजून जड आहे. मला वाटायचं, यालाच शिस्त म्हणतात. एप्रिलमध्ये ती यायचीच बंद झाली. दोन आठवडे वाट पाहिली आणि मग तणतणत वाडी चढून गेले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

अंगणात पाहते तर बाई उलटी चालत होती. एकेक पाऊल मागे. कोंडाजी कुडाला टेकून निवांत बसलेला.

"पडलात तर मांडीचं हाड मोडेल!" मी ओरडलेच.

ती थांबली, पण वळली नाही. "बाई, तुमी दर बारीला काय ऱ्हायलं त्येच सांगता. ऐकून ऐकून हातरुणातनं उठू वाटंना झालं. मग म्या तुमचा तक्ता चुलीत घातला."

"चुलीत?"

"व्हय. आवणीला माणूस मागं सरकत लावतो. डोळ्याम्होरं लावलेलं आसतं, ऱ्हायलेलं पाठीला. न्हाईतर येवढालं खाचर बघून कुनी वाकलं आसतं का?"

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. यवतमाळच्या दवाखान्यात माझ्या हाताखाली दोन मदतनीस मुली होत्या. इथे दिवसाला कसेबसे तीन पेशंट, आणि मी रोज संध्याकाळी न आलेल्यांची मोजदाद करायचे. त्या दिवशी चढण उतरताना मी पहिल्यांदा आलेल्यांचा विचार केला. फार नव्हते, पण त्यातला एक म्हातारा जिना चढायला लागला होता. हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

उलटं चालणं हा खरं तर आमच्याच विद्येतला व्यायाम. मी तो तिला दिला नव्हता, एवढंच. मग हाताचाही मार्ग तिनेच काढला. एरवी डाव्या हातात रोपांची जुडी धरायची आणि उजव्याने लावायचं. चिमूट येत नसली तरी उजवी मूठ आता मिटत होती. "उजव्यात जुडी धरीन, डाव्यानं लावीन," ती म्हणाली. मे-जूनभर आम्ही घमेल्यात चिखल कालवून गवताच्या काड्या लावल्या. काड्या वाकड्या लागायच्या, ती मला शिव्या द्यायची आणि उपटून पुन्हा लावायची.

जुलैत सोनीच्या खाचरात आवणी निघाली. मी रजा काढून बांधावर उभी. आठ बायकांच्या ओळीत रंभाबाई मधोमध. आजूबाजूच्या बायका भराभर लावत मागे सरल्या की जी संथ असेल ती दोन्हीकडच्या रोपांमधल्या रिकाम्या पट्ट्यात अडकते आणि सगळ्या तिची टर उडवतात. माझ्याने राहवलं नाही. "जरा हळू घ्या ना, मावशींना वेळ लागतो."

"बाई, गप ऱ्हावा!" रंभाबाई खेकसली.

कुणीच हळू घेतलं नाही. तासाभरात ती अडकलीच. "कोंडली गं, रंभी कोंडली!" सगळ्या खदखदून हसल्या. तिने त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या उद्धारल्या, घाईत मागे सरली आणि तोल जाऊन चिखलात बसली. मी चपला काढल्या. पण एकही बाई धावली नाही, म्हणून मीही थांबले. डावा हात टेकून ती गुडघ्यावर आली, मग उभी राहिली. उजव्या मुठीतली जुडी सुटली नव्हती. मला रडूच कोसळलं, आणि मी ते लपवलं नाही.

तिने राहिलेला पट्टा लावला. बायका पुढच्या खाचरात गेल्या तशी तीही गेली. पुन्हा दोनदा कोंडली.

दिवस कलताना ओढ्यावर पाय धुता धुता सोनीने विचारलं, "उद्या कुनाकडं गं?"

"रंभीकडं," कुणीतरी म्हणालं. "तिनं दिस भरलाय."

कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. रंभाबाईने डाव्या हाताने पदर खोचला आणि सगळ्यांना बजावलं, "साताला या. उशीर केलेला मला चालायचा न्हाई."