तात्यांना घेऊन रामलिंगच्या दरीत

रोज दहा-बारा किलोमीटर सपाट माळावर चालणाऱ्या माणसानं सुट्टीला झोपून राहावं, असं घरच्यांचं मत आहे. मला मात्र चढ हवा असतो. सोलापूरजवळच्या एका माळरानावरच्या अभयारण्यात मी हंगामी गाइड आहे. पावसाळा संपला की काम सुरू, ऊन तापलं की बंद. मंगळवारी पर्यटक नसतात, म्हणून आम्हालाही सुट्टी. गेल्या हंगामातल्या मंगळवारांत नळदुर्गाचा किल्ला झाला, उजनीचा काठ झाला. यंदा दिवाळी उरकल्यावर येडशीचं रामलिंग ठरवलं.

या वेळी सोबत तात्या होते. तात्या आमच्यातले सगळ्यात जुने गाइड, वय साठीच्या आसपास. गवतात काळवीट कुठं बसलंय, खोकड कुठल्या बांधावरून जाणार, हे दुर्बिणीशिवाय सांगणार. पर्यटक "कुठंय, कुठंय?" करत असतात, तात्या हात लांब करून म्हणतात, "त्ये काय, दिसतंय की!" आणि जनावर नेमकं तिथंच असतं. दोन हंगाम मी त्यांच्याच हाताखाली शिकलोय. रामलिंगला चला म्हटलं तर आधी नको म्हणाले, पण त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घराबाहेर काढलं.

सकाळी सहाला माझ्या बाइकवर निघालो. वैरागला चहा, बार्शीत गरम भजी, तिथून येडशी. थांबत गेलात तर अडीच तास धरा. रस्ता बरा आहे, मधेमधे कंबरेची परीक्षा घेतो. पेट्रोल जाऊन-येऊन चारशेत भागलं. जेवण सोबत न्या आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधा, कारण माकडं फार. आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती, म्हणजे आणखी काही लागत नाही.

देऊळ खाली दरीत आहे, पायऱ्या उतरून जायचं. आम्ही आधी वरच्या कडेनं माथ्यावर जाणारी गुराख्यांची पायवाट धरली. झाडी अजून हिरवी होती, हवेत गारवा होता, मी शीळ घालत पुढं. तात्या काठीनं चाचपत मागून. माळावर हा माणूस कायम माझ्या दहा पावलं पुढं असतो, त्यामुळं चिडवायची संधी मी सोडली नाही.

"तात्या, दम लागला का?"

"चाल की तू गप."

वळणावर एका खडकावर वानर बसलं होतं, पाठमोरं, आमच्यापासून दहा-बारा पावलांवर. तात्या थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "ओ मावशी, देवळाकडं वाट हिकडनंच का?"

मी पोट धरून हसलो. मावशीनं वळून बघितलं, शेपूट आवरली आणि झाडावर झेप घेतली. तात्यांकडं पाहिलं तर ते हसत नव्हते.

"वानर व्हतं व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

मग बसले खाली आणि बोलले. "दोन वरसं झाली, समदं धुरकट दिसतंय. आपल्या माळावर काय अडत न्हाय. कुटलं जनावर कुटल्या येळंला कुटं असतंय, पाठ हाय मला. हितं मातर पंचाईत झाली."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"मोतीबिंदू म्हनला. ऑपरेशन करा म्हनला. आन काय बिगडलं म्हंजे? आत्ता निदान बांध तरी दिसतोय. हे बग, साहेबास्नी सांगू नगंस. पुढल्या हंगामाला माजं नाव कापतील."

अशा माणसाला मी कड्याच्या काठानं चालवत आणलं होतं, वर चिडवतही होतो. परत फिरू म्हटलं, तर ऐकेनात. आलोय तर वर जायचंच. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर, कड्याच्या बाजूनं मी. अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागला.

वर पोहोचलो. समोर अख्खी दरी.

"काय दिसतंय?" तात्यांनी विचारलं.

"दरी आहे. झाडी आहे. लांब डोंगर."

"आन?"

"मस्त आहे."

"मस्त म्हंजे?"

"म्हणजे... हिरवंगार आहे."

तात्या भडकले. "दोन हंगाम हेच शिकवलं व्हय तुला? पर्यटकास्नी बी असंच सांगतोस? मस्त हाय, हिरवं हाय?" भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तो बराच वेळ चावला. मग म्हणाले, "तुज्या भरवशावर न्हाय जमायचं. ह्ये मलाच बगाय पायजे."

जेवून त्याच वाटेनं परतलो. देवळात उतरायचं राहूनच गेलं, त्यामुळं पायऱ्या किती ते मला विचारू नका. घरी फोटो बघत बसलो तेव्हा लाज वाटली. पाच-पन्नास फोटो काढले होते आणि त्यांना सांगण्यासारखी चार वाक्यं मला जमली नव्हती.

साहेबांना तात्यांनी स्वतःच सांगितलं. नाव कापलं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिकीट खिडकीवर बसा, एवढंच साहेब म्हणाले. पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं आणि मंगळवारची माझी सुट्टी सोलापुरातल्या दवाखान्यात गेली. पट्टी काढली तेव्हा मी आणि काकू समोरच उभे होतो. तात्यांनी आधी काकूंकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग माझ्याकडं, बराच वेळ.

"आरं," ते म्हणाले, "तुला मिशी हाय व्हय?"