कोणतं नांदगाव?

"तारेवरचं 'फ्रॉम' तू बदललंस? कुणाला विचारून?" आमचे तारमास्तर गरजले. पुण्याचे गृहस्थ, नियमाला पक्के. मी अकोल्याच्या तारघरात सिग्नलर. मीही काही कमी नव्हतो.

तार नागपूरच्या एका सरकारी दवाखान्याची होती. सुशीला नावाच्या मुलीला नर्सची नोकरी लागली होती. सोमवारपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला. मुलगी मावशीकडे गेलेली. घरी आलेली ती तार घेऊन तिचा बाप इथल्याच जठारपेठेतून काउंटरवर आला.

"बाबू, पोरगी नांदगावले गेली. हे तिकडं धाडून द्या. आमच्या घरातली पयली सरकारी नोकरी हाय."

तार पुढे पाठवताना 'फ्रॉम'मध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी, मूळ गावच ठेवायचं, ही आमच्या ऑफिसची पद्धत. मी तिथं अकोला टाकलं आणि दवाखान्याचं नाव खाली मजकुरात घेतलं.

"सर, तार पोचली नाही तर 'अनडिलिव्हर्ड'चा निरोप फ्रॉमवाल्याला जातो. नागपूरवाले काय पोरीला शोधत बसणार? जागा दुसरीला देऊन मोकळे होतील. इथं आला तर मी बघतो."

"मग तूच निस्तर!" म्हणत त्यांनी तार कोणत्या लाइनीनं जायची तो मार्ग स्वतः लिहिला आणि तार पलीकडच्या टेबलावर दिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या यंत्रावर निरोप खटखटला: अशी व्यक्ती येथे नाही. मार्ग पाहिला अन् कपाळाला हात लावला. साहेबांनी तार मनमाडजवळच्या नांदगावला धाडली होती!

बापाला बोलावलं. "कोणतं नांदगाव?"

"म्हंजे? नांदगाव म्हंजे नांदगाव. खंडेश्वराचं. दुसरं काहून राहीन?"

"मनमाडचं नांदगाव साऱ्या जगाला ठाऊक आहे," साहेब चष्मा पुसत पुटपुटले.

मी अमरावतीची लाइन धरली. 'नांदगाव खंडेश्वर' ठणकावून पाठवलं. तिथला सिग्नलर माझा दोस्त. त्याला बजावलं, "गड्या, पोरीच्या हातात पडल्याशिवाय जेवू नको."

सोमवारी बाप काउंटरसमोरून हलेना. खरं सांगतो, माझाही जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी नागपूरहून तार आली: हजर झाले. वाचून दाखवली तर तो मटकन बाकावर बसला अन् रडलाच.

नागपूरला आमच्या भानगडीचा पत्ताही लागला नाही. दुसऱ्याचा निरोप पुढे धाडायचा तर परतीचा भारही आपल्याच डोक्यावर घ्यावा, एवढं मी त्यातून शिकलो.

सुशीला माझ्याहून जास्त शिकली असावी. घोळ तिच्या कानावर गेला असणार. नगर जिल्ह्यातही एक अकोला, म्हणजे अकोले, आहे, म्हणून तिनं त्या तारेच्या पत्त्यात मुद्दाम लिहिलं होतं: अकोला, वऱ्हाड. साहेबांनी ती तार दोनदा वाचली.