खारीक आणि मी बोललेलं खोटं

मी एका कुत्रीची खोटी बदनामी केली होती.

काल ती गेली. म्हणून आज सांगते.

२००४ चा जानेवारी, नेपरव्हिल. लग्नाला पाच महिने झालेले. निखिल सकाळी सातच्या ट्रेनने शिकागोला जायचा, तो संध्याकाळी सातला परत.

मी एच-फोर व्हिसावर. एम.एस्सी. केमिस्ट्री, पण नोकरीची परवानगी नाही.

दिवसभर खिडकीतून स्नो बघायचा आणि आईला फोनवर सांगायचं, मजेत आहे.

शोभाकाकूंनी ते ओळखलं. काकू आमच्याच गावातल्या रिटायर्ड डॉक्टर, तीस वर्षं अमेरिकेत. रेसमधून रिटायर झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या एका ग्रुपमध्ये त्या काम करायच्या. एक दिवस म्हणाल्या, कायमचं घर मिळेपर्यंत एक कुत्री फॉस्टर करशील का? थोडेच आठवडे सांभाळायची.

कुत्र्यांना मी घाबरायचे. तरी हो म्हटलं.

विस्कॉन्सिनच्या ट्रॅकवरून ती आली. चार वर्षांची. कानात टॅटूने गोंदलेला नंबर, मांड्यांवरचे केस पिंजऱ्यात घासून गेलेले.

रंग खारकेसारखा. म्हणून नाव खारीक.

तिने आयुष्यात काच पाहिली नव्हती. पहिल्याच दिवशी बाल्कनीच्या बंद दारावर धाडकन आपटली आणि ओशाळून माझ्याकडे बघत उभी राहिली.

जिनाही पाहिला नव्हता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तिचा एकेक पंजा हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचा, असं करत मी तिला जिना शिकवला. तीन दिवस लागले.

वाऱ्यासारखी पळणारी म्हणून आणलेली ही बाई घरात नुसती झोपून असायची. जागी असली की माझ्या मांडीला रेलून उभी.

आणि खूष झाली की दात कडकड वाजवायची, थंडी भरल्यासारखे. काकूंनी सांगितलं होतं, घाबरू नकोस, ग्रेहाउंडना आनंद झाला की ते असं करतात.

मी दिवसभर तिच्याशी मराठीत बोलायचे. निखिल एकदा म्हणाला, हल्ली तू दुपारी मला फोन करत नाहीस.

पण ती आम्हाला ठेवता येणार नव्हती. ग्रुपचा नियम होता, कायमच्या घराला कुंपणाचं यार्ड हवं. आमच्याकडे बाल्कनी.

फेब्रुवारीत एक कुटुंब तिला बघायला आलं. आई, वडील आणि आठ वर्षांची एमिली.

एमिली कार्पेटवर बसली. खारीक सरळ तिच्याकडे गेली, तिच्या अंगावर रेलली आणि दात वाजवायला लागली.

आईने विचारलं, ही असं का करतेय?

मला उत्तर माहीत होतं.

मी म्हटलं, "चावायच्या आधी ती असं करते."

वडिलांनी एमिलीला उचललंच. पाच मिनिटांत ते निघाले. मुलगी रडली नाही. नुसती मागे वळून बघत होती.

निखिलला मी सांगितलं, त्यांना आवडली नाही.

ग्रुपच्या फाइलमध्ये नोंद झाली, लहान मुलं असलेल्या घरात देऊ नये. नंतर कोणाचाच फोन आला नाही.

मी खूष होते. खोटं कशाला सांगू, खूप खूष होते.

सहा आठवड्यांनी काकू आल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये इतकी मुलं, तिथे चावणारी कुत्री ठेवणं ग्रुपला रिस्की वाटतंय. शनिवारी तिला केनेलमध्ये हलवायचं.

म्हणजे परत पिंजरा.

खारीक सोफ्यावर चारही पाय वर करून झोपली होती.

"काकू, ती चावत नाही. मी खोटं बोलले."

काकूंनी पर्समधून डायरी काढली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नंबर देते," म्हणाल्या. "फोन तू करायचास."

फोनवर माझं इंग्लिश नेहमीच अडखळायचं, त्या दिवशी तर फारच. एमिलीच्या आईला कसंबसं सांगितलं की कुत्रीत काही खोट नाही, खोटी मी आहे. मला ती हवी होती.

मग तिने विचारलं, तू ठीक आहेस ना?

त्यावर मात्र मला रडू आवरलं नाही.

शनिवारी ते आले. मी तिचा हिवाळ्याचा कोट दिला, वाटी दिली आणि दार लावून घेतलं. जिन्यावरून तिच्या नखांचा टकटक आवाज येत होता. एकदाही न अडखळता उतरली.

काकूंनी पुढे वर्षभर मला एकही कुत्रा दिला नाही. मी मागितलाही नाही. मग एक दिवस त्यांनीच फोन केला. तेव्हापासून सहा फॉस्टर केले. सहाही वेळेवर दिले.

एमिलीच्या घरी कोणाला "खारीक" म्हणता येईना, म्हणून ती कॅरी झाली. दर ख्रिसमसला फोटो यायचा. दर वर्षी एमिली थोडी उंच आणि कॅरीचं तोंड थोडं जास्त पांढरं.

आज सकाळी एमिलीचा मेल आला. आता ती बारा वर्षांची आहे. कॅरीला पायाच्या हाडाचा कॅन्सर होता, काल व्हेटने इंजेक्शन देऊन तिला त्रासातून सोडवलं.

खाली लिहिलं होतं, मॉम म्हणते, तुम्ही स्वतः फोन केलात म्हणून ती आम्हाला मिळाली. थँक यू.

बाकीचं तिच्या आईने तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मी दोन तास बसले आणि सगळं लिहून पाठवलं. दातांचं, चावण्याचं, सगळं.

मघाशी उत्तर आलं. एकच ओळ.

"त्या सहा आठवड्यांत ती तुमच्याकडे हॅपी होती का?"

मी लिहिलं, हो.

खारीक, या परक्या गावातली माझी पहिली मैत्रीण तू.

सुखाने जा गं. तुला मनापासून श्रद्धांजली.