लुंबिनी मॅडमचा हलका लॅपटॉप

लुंबिनी गायकवाडला एका जागी बसवून दाखवणाऱ्याला बक्षीसच द्यायला हवं. सोमवार ते बुधवार लातूरच्या क्लासमध्ये जीवशास्त्र, गुरुवार ते शनिवार नांदेडच्या, आणि मधला वेळ अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यावर एसटीत. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं दोन्ही गावांत उतू चाललेली, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो मानेला. जुना लॅपटॉप चार्जरसकट साडेतीन किलोचा, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की एकतर हे ओझं सोडा, नाहीतर नांदेड सोडा.

म्हणून त्या आठवड्यात तिच्या पिशवीत एक बारीक, चपटा लॅपटॉप होता. लातूरचे दुकानदार चंद्रप्पा यांची मुलगी तिच्या हाताखाली शिकलेली, त्यांनी चार दिवस वापरून बघायला दिला होता. ठेवते की परत करते, ते शनिवारी सांगायचं होतं.

मॅडमनं त्याची परीक्षा घेतली ती पोरांची घेते तशीच, मार्क कापायला टपून. चाकूरपर्यंत मांडीवर घेऊन प्रश्नपत्रिका टाइप केली. खिडकीतल्या उन्हात पडद्यावर अक्षरांऐवजी स्वतःचंच तोंड दिसत होतं. बटणं उथळ, जोडाक्षरं हमखास चुकायची. क्लासच्या प्रोजेक्टरची जाड वायर त्याला लागेना, त्यासाठी वेगळा जोड आणावा लागला. पण बॅटरी नांदेडपर्यंत पुरली आणि वर लाइट गेल्यावरही टिकली. वजन तर असं, की आत आहे ना म्हणून तिनं दोनदा चेन उघडून पाहिली. बाई खूश होती.

नाखूश होती ती एका फोनमुळे. धाकटा भाऊ अश्वजित उदगीरला तहसीलमध्ये कारकून. आईच्या, म्हणजे सरजाबाईच्या, डोळ्याचं ऑपरेशन लातूरला ठरलं होतं. रविवारी आणतो, पंधरा दिवस तुझ्याकडे राहू दे, असं तो म्हणत होता आणि लुंबिनी आठवडाभर नुसतं ‘सांगते’ म्हणत होती.

कारण त्र्याण्णव सालातलं होतं. किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची, अश्वजित चारचा. सरजाबाईनं अंधारात एका हातानं लुंबिनीला ओढलं, दुसऱ्या हातानं लेकरू छातीशी धरलं आणि बाहेर धूम ठोकली. मोकळ्यात येऊन पाहते तर छातीशी कपड्यांचं गाठोडं. तोवर घर बसलं होतं. अश्वजितला दुपारी दगडमातीतून काढलं; जिवावरचं पायावर निभावलं, तो आजही लंगडतो. त्यानं आईला कधी एका शब्दानं विचारलं नाही. लुंबिनी मात्र तेवीस वर्षं मनात विचारत राहिली, की पोर आणि गाठोडं यांतला फरक आईच्या हाताला कळला कसा नाही? या एका प्रश्नापायी ती आईजवळ कधी सलग चार दिवस राहिली नाही.

शनिवारी नांदेडला, दुसऱ्या मजल्यावर, ती हृदयाचे कप्पे शिकवत होती. समोर साठ पोरं. एकाएकी टेबल थरथरलं, खिडक्यांच्या काचा वाजल्या.

नंतर ती भानावर आली ती थेट रस्त्यावर. एका पायात चप्पल, छाती भात्यासारखी चाललेली. समोर रस्त्याच्या कामावर रोलर खडी दाबत होता. वर खिडक्यांत पोरांची डोकी दिसत होती. एकही खाली आलं नव्हतं. त्या सगळ्यांचा जन्मच भूकंपानंतरचा. आणि तिच्या काखेत लॅपटॉप होता, प्रोजेक्टरची वायर लोंबत असलेला.

कधी उचलला ते तिला आठवेना. हलका होता म्हणून कळलं नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. पण ते खोटं होतं. साडेतीन किलोचा असता तरी कळलं नसतं. साठ लेकरं वर टाकून ती हे घेऊन पळाली होती, आणि लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर गेली तेव्हा कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची देगलूरची मुग्धा हळूच म्हणाली, “मॅडम, खाली रोलर चालून राहिलाय. सकाळपासून हाय.” लुंबिनीनं मान हलवली आणि उरलेले कप्पे कसेबसे पूर्ण केले.

तास संपल्यावर तिनं चंद्रप्पांना लॅपटॉप ठेवते म्हणून कळवलं. मशीन चांगलं होतं, त्याचा काही दोष नव्हता. मग बसस्टँडवरच्या गलक्यात उभी राहून उदगीरला फोन लावला आणि अश्वजितला म्हणाली, मायला दे. झालं ते काहीही न लपवता सांगितलं.

“लेकरं बरी हायेत ना समदी?” सरजाबाईनं विचारलं.

“हाव.”

“मग झालं. तू कशाला जीव जाळून घेतीस? हाताला काय कळतंय तेव्हा.”

तेवीस वर्षांत लुंबिनीनं आईला हे एकदाही म्हटलं नव्हतं. तिला तिथंच, लातूर गाडीच्या रांगेत, रडू फुटलं.

“माय,” ती म्हणाली, “उद्या ये. मी घरीच हाय.”