रंगनाथचं ठरलेलं उत्तर

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चिरफाडीचं काम कागदोपत्री डॉक्टरांचं, हातानं मात्र रंगनाथचं. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे. रंगनाथ छिन्नी-हातोड्यानं कवटी उघडायचा, काय दिसतं ते सांगायचा आणि मग दाभणानं असा सुबक टाका घालायचा की घरच्यांना तोंड बघताना भीती वाटू नये. हे काम दारूशिवाय होत नाही म्हणतात. रंगनाथ थेंबाला शिवला नाही. उसाच्या ट्रॉलीखाली चेंगरलेला चेअरमन, फास घेतलेला सावकार, साप चावलेला पैलवान, सगळे मातब्बर त्याच्याच हाताखालून गेले. बाहेर बसलेलं माणूस विचारायचंच, लई तरास झाला का? रंगनाथचं उत्तर ठरलेलं, "न्हाई, झटक्यात गेले." दहातल्या नऊ वेळा ते खोटं असायचं. पण मेलेल्याचं दुखणं जित्याच्या गळ्यात कशाला बांधायचं?

बाहत्तरच्या दुष्काळात सरपंच आप्पासाहेबांचं प्रेत आलं. विहिरीत बुडाले म्हणे, आणि विहिरीत पाणी गुडघाभर! याच विहिरीवर पाणी शेंदलं म्हणून आप्पासाहेबांनी रंगनाथच्या बापाला चाबकानं फोडून काढलं होतं. छिन्नी उचलताना रंगनाथला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

मग त्यानं प्रेताचं डोकं वळवलं. मागून कुऱ्हाडीचे तीन घाव, तिसऱ्यातून मेंदू बाहेर आलेला. उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली; म्हाताऱ्यानं हात आडवा घातला होता. फुप्फुसात पाणी नाही. रंगनाथनं सगळं मोठ्यानं सांगितलं. डॉक्टरांनी बाहेर उभ्या असलेल्या जालिंदरकडे, सरपंचांच्या धाकट्या भावाकडे पाहिलं आणि लिहिलं, विहिरीत पडून मृत्यू. जालिंदरनं नवा फेटा पुढे केला. कानापर्यंत घट्ट बांध म्हणाला, चितेवरही कुणी सोडणार नाही.

रंगनाथनं बांधला. नोकरी जपायची होती, घरी बायको साळूबाई होती. बाहेर लिंबाखाली सरपंचांच्या पत्नी, भागिरथीबाई, बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पाणी लई प्याले का रे? तरास झाला का?"

ठरलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याला ती दोन बोटं आठवली आणि बापाला झालेल्या माराचा राग कुठल्या कुठे गेला.

"बाईसाहेब, फेटा सोडून बघा."

त्यांनी तिथंच सोडला. साऱ्या आवारानं घाव पाहिले. संध्याकाळी पोलिसांनी जालिंदरला नेलं आणि महिन्याभरात तो जामिनावर सुटलाही.

सुटल्यानंतर आठव्या दिवशी रंगनाथ स्वतःच चिरफाडीच्या दगडी टेबलावर आला. डॉक्टरांनी लिहिलं, दारू पिऊन दगडावर पडून मृत्यू. नव्या माणसानं पोतं शिवावं तसं त्याला शिवलं आणि डोक्याला फडकं गुंडाळलं. लिंबाखाली साळूबाई बसली होती. शेजारी भागिरथीबाई येऊन बसल्या होत्या.

नवा माणूस खाली मान घालून म्हणाला, "वयनी, झटक्यात गेला."

साळूबाईनं त्याला काही विचारलंच नव्हतं. ती उठली आणि सगळ्यांसमोर फडक्याची गाठ सोडायला लागली.