भिंत शेवटी काढणारे सर

डिमेलोसरांच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी लिहायला बसलो आणि पहिल्यांदा आठवली ती त्यांची लाल पेन्सिल. मी बारामतीहून नुकताच दोह्याला आलो होतो, तिथल्या नजमा भागातल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहत होतो. सर आमच्या ऑफिसचे मुख्य ड्राफ्ट्समन. एका कंपाउंडमधल्या दोन व्हिलांचा माझा पहिला आराखडा त्यांच्यापुढे ठेवला, तर मधल्या भिंतीवर त्यांनी सरळ काट मारली. “भिंत शेवटी काढायची,” ते म्हणाले. “आधी पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं, ते दाखव.”

सर मूळचे रेवदंड्याचे. शेजारी त्यांचे बालमित्र एलिझर यांचं बेने इस्रायली ज्यू कुटुंब होतं. शनिवारी त्या घरात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून चुलीला काडी लावायला छोट्या रेमंडला, म्हणजे आमच्या सरांना, हाक यायची. एलिझर पुढे इस्रायलला गेले. सर इथे आले, आणि शेजारच्या टेबलाशी त्यांना अबू सामी भेटले. हे पॅलेस्टिनी इंजिनिअर. त्यांच्या वडिलांचं घर आजच्या इस्रायलमध्ये राहिलं.

एका मित्राला तिथून उठवायचं नाही आणि दुसऱ्याला कायमचं बाहेर ठेवायचं नाही, एवढंच सरांचं राजकारण. ज्यू आणि पॅलेस्टिनी, दोघांचं मिळून एकच राज्य, सगळ्यांना एकच कायदा, एकसारखं मत. “जमिनीखालचं पाणी एकच आहे,” ते म्हणत. “वर दोन देश काढाल, खाली काय कराल?” मी वाद घालायचो. इतकं रक्त सांडल्यावर एका छताखाली कोण राहील, असं विचारायचो. मला त्यांचं म्हणणं अजूनही पटलेलं नाही, आणि आता तर वाद घालायचंही त्राण उरलेलं नाही. बातम्या लावणं मी केव्हाच सोडलं.

माझे वडील गेले तेव्हा सर नजमाच्या खोलीवर आले. माझी बॅग त्यांनी भरली, विमानतळावर सोडलं, आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. इतकं कळणाऱ्या माणसाच्या हातून पुढची चूक कशी झाली, हे मला कोडंच आहे.

गाझात अबू सामींची बहीण मुलांसकट मारली गेली. आम्ही भेटायला गेलो. कडू कॉफीचे छोटे कप फिरत होते. सर गहिवरले होते, आणि बोलून गेले, “एकच राज्य असतं तर हे झालं नसतं.”

अबू सामींनी हातातली कॉफीची सुरई खाली ठेवली. “खलास, पुरे, मिस्टर डिमेलो. आज नाही.”

त्याच आठवड्यात सरांनी एलिझर यांनाही फोनवर तेच सांगितलं. एलिझर यांचा नातू इस्रायली फौजेत होता. “रेमंड, तिथं बसून बोलायला तुझं काय जातं?” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि पुन्हा उचललाच नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, अबू हमूर भागातल्या चर्चमधला मिस्सा संपला की मी सरांना गाडीने अबू सामींकडे नेतो. अबू सामी कॉफी ओततात, सर पितात. मग रिकामा कप हलवतात. पुरे झालं, असं सांगायची ही इथली रीत. तो हलला की यजमान पुन्हा ओतत नाहीत. मग सर उठतात. कित्येक महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला त्या खोलीत बसणं नको व्हायचं. सरांनी एकही शुक्रवार चुकवला नाही.

गेल्या महिन्यात सरांनी नेहमीसारखा कप हलवला आणि अबू सामींनी तरीही तो भरला.

“तुमच्या गावच्या मित्राचा नातू,” त्यांनी विचारलं, “सुखरूप आहे ना?”

“माहीत नाही,” सर म्हणाले. “फोन उचलत नाहीत.”

“करत राहा.”

सर, तुमचं ते राज्य तुम्हाला किंवा मला दिसेल, असं मला वाटत नाही. खोटं कशाला लिहू? तरी तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे दुखायचे थांबोत, कान असेच तिखट राहोत. रोज संध्याकाळी तुम्ही तो नंबर लावता. पलीकडून कुणी उचलेल तेव्हा तुम्ही असायला हवं. अबू सामींना उत्तर द्यायचं राहिलं आहे.