शनिवारचे ओले केस

“अगं बाई, इतक्या लहान वयात विधवा झाली होती का ही?” असं मी म्हणाले. शेजारच्या ताई आधी खो खो हसल्या आणि मग हसता हसता मध्येच थांबल्या.

आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो आणि माझ्या हातात त्यांच्या आईचा फोटो होता. विशीच्या आतबाहेरची मुलगी, गडद झगा, आणि डोक्याला रुमाल. तोही कसा, तर पार भुवयांपर्यंत ओढून घट्ट बांधलेला, केसाची एक बट दिसू नये असा. आता माझ्या वयाच्या मराठी बाईने असं डोकं पाहिलं की तिच्या मनात दुसरं काय येणार?

“लग्नच झालं नव्हतं तिचं तेव्हा,” ताई म्हणाल्या. त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सारला. “जन्मापासून बघतेय मी हा फोटो. घरी येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, काय धीराची बाई! पण त्या रुमालाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं, लव्ह.”

त्या मला लव्ह म्हणतात. इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा म्हणतो, त्यामुळे आता मी लाजत नाही. मी त्यांना ताई म्हणते, कारण त्या माझ्याहून चांगल्या मोठ्या आहेत, ऐंशीच्या पुढच्या. आयर्लंडमधल्या या ॲडम्सटाउनमध्ये आमची दोघींची कथा एकच. लेकरांनी उचलून इथे आणलं. मला लेकीने साताऱ्याकडून आणलं, हे गेल्यावर. ताईंना त्यांच्या मुलाने दक्षिणेकडच्या त्यांच्या खेड्यातून आणलं, गुडघे गेल्यावर. सकाळी तरुण मंडळी गाडी पकडून डब्लिनला पसार झाली, माझी लेक तिच्या ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला गेली, की मागे आम्ही दोघी आणि भरपूर रिकामा वेळ. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी जे काही आलं ते टीव्हीने आणि ताईंनी दिलं. त्यामुळे ताई इथे माझ्या मराठीत बोलतील, तेवढं समजून घ्या.

त्या आठवड्यात ताईंच्या जिवाला एक घोर लागला होता. त्यांच्या गावच्या हॉलमध्ये रविवारी कार्यक्रम होता. शंभर वर्षांपूर्वीच्या, इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात ज्यांनी भाग घेतला त्यांच्या आठवणी गावातल्या एका मास्तरांनी फार पूर्वी, ती माणसं हयात असताना, टेप करून ठेवल्या होत्या. त्यात ताईंच्या आईचीही होती. पावाच्या टोपलीतून पिस्तुलं नेणारी मुलगी म्हणून तिचं गावात नाव. आणि गावाच्या चौकात त्या लढ्याच्या स्मारकाचा जो दगड उभा आहे, त्यावर पहिल्या ओळीत ताईंच्या वडिलांचं नाव. आईबाप दोघेही लढ्यातले! असं घर त्या गावात दुसरं नाही.

“तो तुमचा माणूस रोज फोन करतो,” ताई म्हणाल्या. तुमचा माणूस म्हणजे माझा कुणी नाही हं, इथली बोलायची पद्धत आहे ती. कार्यक्रम करणारा गृहस्थ. “विचारतो, मास्तरांनी दोन कॅसेटी केल्या होत्या ना, दुसरी कुठाय? मी सांगितलं, हरवली. रविवारी, देवाच्या वारी खोटं बोलले.”

त्या उठल्या. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्या प्रेसमधून, चांगल्या बश्यांच्या मागून, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली कॅसेट त्यांनी काढली.

“आई गेल्यावर एकदाच ऐकली. मुलालासुद्धा ऐकवली नाही. तू ऐकतेस? तू आमच्या गावची नाहीस, म्हणून विचारते.”

मी म्हटलं, लावा.

म्हातारीचा आवाज होता, पण खणखणीत. तिची बोली मला निम्मीच कळायची. मग ताई यंत्र थांबवायच्या आणि लहान मुलाला घास भरवावा तसं एकेक वाक्य सोपं करून मला सांगायच्या. आधी सगळं मजेचं होतं. ती म्हणत होती, पावाखाली पिस्तूल असलं की टोपली जड होते आणि शिपायाला चालीवरून ओळखू येतं, म्हणून मी टोपली झुलवत न्यायची, गाणं म्हणत. हात खांद्यातून निखळायचा, पण झुलवायची! मी हसले. ताई हसल्या नाहीत.

मग तिने सांगितलं, की गावातल्या लढणाऱ्या पोरांच्या तुकडीच्या कॅप्टनने तिला एक काम दिलं. पुलावर पहारा करणाऱ्या एका इंग्रज शिपायाशी गोड बोलायचं आणि त्यांच्या सैन्याच्या लॉऱ्या कुठल्या दिवशी येतात ते काढून घ्यायचं. कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, तुकडीतल्या पोरांनासुद्धा नाही. ती बोलली. शिपाई पोरगेलासा होता, त्याने खिशातून बहिणीचा फोटो काढून दाखवला. लॉऱ्यांचा दिवसही सांगून बसला. पण तिला पुलावर त्याच्याशी हसताना गावाने पाहिलं होतं.

पुढचं तिने ज्या सुरात सांगितलं तो सूर माझ्या कानातून अजून जात नाही. दूध काढायला ती गोठ्यात गेली, तेव्हा आत चौघं उभे होते. तोंडाला फडकी बांधलेले. शत्रूचे नव्हेत, आपलेच. शिपायाशी सलगी करणाऱ्या मुलींना तिथे हीच शिक्षा होती. मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीने त्यांनी तिचे कमरेपर्यंतचे केस मुळापासून कापले.

“कात्री गार होती,” आवाज म्हणाला. “आणि कंदील हलत होता. ज्याने तो धरला होता त्याचा हात थरथरत होता. दुसरा त्याच्यावर खेकसला, नीट धर, कान जाईल तिचा. तेव्हा मी त्या हाताकडे पाहिलं. करंगळी अर्धीच होती.”

ताईंनी यंत्र थांबवलं. स्वतःची करंगळी वर केली आणि दुसऱ्या हाताने मधोमध पकडली. “गवत कापायच्या यंत्रात गेली होती,” एवढंच म्हणाल्या. “आम्ही लहानपणी ती धरून चालायचो.”

मला आधी कळेचना. आणि कळलं तेव्हा हातातला कप मी खाली ठेवला तो बशीत न पडता टेबलावर पडला.

“वडील?” मी विचारलं.

“ऐक पुढे.”

टेपवर मास्तरांनी घसा खाकरला. मग त्यांनी विचारलं, कॅप्टननेच पाठवलं होतं हे तुम्ही त्या मुलांना का सांगितलं नाही? म्हातारी म्हणाली, “सांगितलं असतं तर सकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि लॉऱ्यांचा दिवस बदलला असता. मग मेलं कोण असतं? तीच पोरं.” आणि कॅप्टन? “कॅप्टन रविवारी चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसला होता. बोलला नाही.” आणि तुम्ही? “मी रुमाल बांधला आणि पाव घेऊन गेले. कुणीतरी न्यायलाच हवे होते.”

शेवटी मास्तरांनी चाचरत विचारलं, तो कंदीलवाला पुढे कुठे गेला?

“कुठे जातोय? लग्न केलं मी त्याच्याशी. त्याने मागणी घातली, तेव्हा मनाशी म्हटलं, चौघांत निदान याचा हात थरथरला होता.”

टेप संपली. मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय, पाहिलंय. पण अशी सुन्न कधी झाले नव्हते. स्वातंत्र्यासाठी लढणारी मुलगी, स्वातंत्र्यासाठी लढणारी पोरं, आणि गोठ्यात हे!

ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “दर शनिवारी आई केस धुवायची आणि शेगडीपुढे वाळवत बसायची. पुन्हा कमरेपर्यंत वाढवले होते तिने, मरेपर्यंत कात्री लावू दिली नाही. आणि दर शनिवारी त्याच वेळी बाबा टोपी घालून बाहेर पडायचे. पावसात, बर्फात. आम्हाला वाटायचं, बाबांना दारूची ओढ आहे. पण ते प्यायचेच नाहीत! नुसते रस्त्यावर उभे राहायचे, तिची वेणी होईपर्यंत.”

हे ऐकताना मला दुसरीच टोपी आठवली. कारण असा बाहेर पडणारा माणूस मी पाहिला होता. माझ्या घरात.

माझ्या आजोबांना बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास झाला होता. त्यांचा ताम्रपट चुलतभावाच्या घरी भिंतीवर आहे. आमच्या प्रत्येक पंधरा ऑगस्टला आजोबा. माझ्या भाषणात आजोबा, लेकीच्या निबंधात आजोबा. आणि त्याच घरात आजोबांची थोरली बहीण होती, बालविधवा, लाल आलवणातली. तिला आम्ही आत्याआजी म्हणायचो. महिना-पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा. ती तुळशीमागच्या दगडावर मान खाली घालून बसायची. आणि आजोबा न चुकता टोपी चढवून वाचनालयात निघून जायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. मला वाटायचं, आजोबांना पेपर वाचायची केवढी आवड!

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा मी चहासुद्धा केला नव्हता. सगळं सांगितलं. ताईंच्या आईचं ऐकताना ती “बाप रे, असं कसं लग्न केलं तिने?” म्हणत होती. आत्याआजीचं ऐकल्यावर तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

“आई, हे आपल्या घरात? त्या ताम्रपटवाल्या आजोबांच्या घरात?”

“हो गं.”

“ते तर ब्रिटिशांना घाबरले नाहीत ना? मग?”

“सगळे म्हणायचे, तिलाच हवं असतं, तिचं सोवळं आहे.”

“तिला विचारलं होतं कुणी?”

मला धक्का बसला तो याचाच, की परक्या देशातल्या बाईचे केस कापले हे ऐकून माझा कप सांडला, आणि आत्याआजीचं डोकं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी बाजूला गजगे खेळत होते.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं ताईंना सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. न्हाव्याचा वस्तरा दाखवायला तर मी लोण्याची सुरी घेतली. ताईंनी ती सुरी माझ्या हातातून काढून खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या आत्याने स्वतः काही सांगून ठेवलंय?”

“नाही. काही नाही.”

“माझ्या आईने ठेवलंय,” ताई म्हणाल्या, आणि फडक्यातली ती कॅसेट त्यांनी पुढ्यात ओढली. “पण दगडावरचं नाव माझ्या बापाचं आहे, लव्ह. मी ऐकवलं तर गावात उद्यापासून तो दगडावरचा नाही, गोठ्यातला होईल. आणि माझ्यावर त्याने कधी हात उगारला नाही. मी कुणाची मुलगी व्हायचं, सांग.”

मी काय सांगणार? मी म्हटलं, “ताई, मला यातलं कळत नाही. पण तुमची आई बोलायला बसली तेव्हा तिला ठाऊक होतं, कोण ऐकणार आहे ते.”

रविवारी त्यांच्या मुलाने गाडी काढली. मीही गेले, माझ्या शालीवर कोट घालून. हॉल गच्च भरलेला, मागे सँडविचांची ताटं, केटल्या. पहिली कॅसेट लागली. पावाखालच्या पिस्तुलांच्या गमतींना सगळे हसले, टाळ्या पडल्या. मग ताई उठल्या. त्यांच्या हातात ते फडकं होतं. मुलाला वाटलं, आईला बाथरूमला जायचंय, तो आधार द्यायला उठला. त्याला त्यांनी बसवलं.

“दुसरी हरवली नव्हती,” त्या म्हणाल्या. “यात एक माणूस कंदील धरून आहे. ते माझे वडील. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, अजून आहे. आता ऐका.”

टेप चालू असताना मी लोकांचे चेहरे पाहत होते. ‘याचा हात थरथरला होता’ झाल्यावर यंत्र खट्‌कन बंद पडलं तरी कुणी हललं नाही. मग एक म्हातारा टोपी घेऊन उठला आणि दार आपटून गेला. ताई म्हणाल्या, तो कॅप्टनचा नातू. चहाला आमच्या टेबलापाशी फारसं कुणी आलं नाही. एक बाई तेवढी आली, ताईंचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि गेली. ताईंचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. “मम, तू मला का नाही सांगितलंस?” एवढंच दोनदा म्हणाला.

परतताना गाडीत, अर्ध्या वाटेत ताईंनी माझ्याकडे मान वळवली.

“बरी आहेस? ग्रँड?”

“ग्रँड,” मी म्हटलं. “आणि तुम्ही?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “पण झोप लागेल आज.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या त्या आत्याचं नाव काय होतं गं?”

मी तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. आत्याआजी. वडील म्हणायचे आत्या. आजोबा म्हणायचे अक्का. न्हावी म्हणायचा आईसाहेब. मी गाडीतूनच चुलतभावाला फोन लावला. त्याला झोपेतून उठवलं.

“तिचं नाव?” तो म्हणाला. “आत्याच म्हणायचे ना सगळे? थांब हं…” मग तो इतका वेळ थांबला की मला वाटलं फोन कटला. त्याच्याकडे भिंतीवरचं घड्याळ टिकटिकताना ऐकू येत होतं. ताम्रपट त्याच भिंतीवर आहे.

“नाही गं,” तो म्हणाला. “कुणालाच माहीत नसणार आता.”

ताई माझ्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत.